सुट्टीतले बुद्धिबळ



बुद्धिबळ हा घरबशा खेळ अशी आपली समजूत. नागपूरच्या दिव्या देशमुखचा २०२५ चा उन्हाळा पाहा. जूनमध्ये लंडनला सांघिक स्पर्धा, जुलैत काळ्या समुद्राकाठी बाटुमीला महिलांचा विश्वचषक. मानांकन पंधरावे. तरी झू जिनेर, हरिका, तान झोंगयी यांना तिने मागे टाकले. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी; दिव्याच्या जन्माआधी, २००२ सालीच ग्रँडमास्टर झालेली! पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांत दिव्या जिंकली.

ग्रँडमास्टरपदासाठी एरवी तीन नॉर्म आणि २५०० गुणांकन लागते. दिव्याला या विजयाने ते पद थेट मिळाले. इतरांना नॉर्मसाठी सहसा निरनिराळ्या देशांचे नामवंत प्रतिस्पर्धी गाठावे लागतात. म्हणून एवढी वणवण, आणि एवढा खर्च.

फाळणीनंतर लष्करी बराकींत उतरलेल्या सिंधी बांधवांनी हे शहर उभारले; १९४९ साली त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. रिकाम्या हाताने प्रवास म्हणजे काय, हे कॅम्प नंबर ३ ला आम्ही काय सांगावे? आमचे मागणे एवढेच : इथले पोर सुट्टीत स्पर्धेला निघाले, तर भाड्यापायी आईला दागिना मोडावा लागू नये, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हात लावावा. ते पहिल्याच फेरीत हरून आले, तर पैसे बुडाले असे म्हणू नये. पट मांडावा, आणि तो डाव त्याच्याकडून पुन्हा समजून घ्यावा.