वेल्समधील एक दिवस
(नभोवाणीवरील भाषण)

गतवर्षीं उन्हाळ्यांत मी माझ्या मुलीकडे लिव्हरपूल येथें कांहीं दिवस राहिलों होतों. एका रविवारीं जांवयांनीं मोटार काढली आणि उत्तर वेल्समध्यें दिवसभर फिरून येण्याचा बेत ठरला. वेल्सच्या हद्दींत शिरतांच रस्त्यावर पांढऱ्या रंगानें दोन शब्द रंगविलेले दिसूं लागले. एक इंग्रजी ‘स्लो’, दुसरा ‘अराफ’. “हा अराफ कोण?” असें मीं विचारलें, तेव्हां नातू हंसून म्हणाला, “आजोबा, वेल्श भाषेंत अराफ म्हणजे सावकाश!” या एका शब्दामागें केवढा इतिहास आहे, हें मला सायंकाळपर्यंत उमगत गेलें.

प्रथम कॉन्वी गांव लागलें. नदीच्या मुखाशीं खडकावर आठ प्रचंड बुरुजांचा किल्ला उभा आहे. १२८२ सालीं वेल्सचा राजपुत्र ल्यूएलिन मारला गेला; पुढच्याच वर्षीं इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें हें काम आरंभिलें आणि १२८७ पर्यंत किल्ला व गांवाचा तट उभा केला. तेथें पूर्वीं जो मठ होता, त्यांत ल्यूएलिनच्या आजाची समाधि होती. एडवर्डनें तो मठच अन्यत्र हलविला आणि तटाच्या आंत इंग्रज रहिवासी वसविले. तटावरून फिरतांना एका बाजूस खाडी व दुसऱ्या बाजूस निळसर डोंगर दिसतात. देखावा रमणीय खरा; परंतु आपल्या गडांवर चढतांना ऊर जसा भरून येतो, तसा येथें येईना. हा किल्ला त्या भूमीला जखडण्यासाठींच बांधलेला होता.

तेथून नदीच्या कांठाकांठानें आम्ही बेटस-अ-कॉइड या वनश्रीनें वेढलेल्या गांवीं आलों. तेथील टेलफर्डच्या लोखंडी पुलावर, तो वॉटर्लूच्या लढाईच्या वर्षीं, म्हणजे १८१५ सालीं, उभारल्याचीं ठसठशीत अक्षरें आहेत. पुढें एक अरुंद वाट डोंगराच्या कुशींतील एका दगडी शेतघराकडे जाते. बिशप विल्यम मॉर्गन यांचें हें जन्मस्थान. यांनीं संपूर्ण बायबल वेल्श भाषेंत आणलें व तें १५८८ सालीं छापलें गेलें. देवळांतून दर रविवारीं तें वाचलें जाऊं लागलें, आणि राजदरबारीं थारा नसलेल्या भाषेला प्रौढ, स्थिर रूप लाभलें. कॉन्वीचा किल्ला पुरा झाल्यावर तीनच वर्षांनीं, १२९० मध्यें, आपल्याकडे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, याची मला त्या अंगणांत आठवण झाली.

मग घाट उतरत आम्ही ग्विनंटच्या खोऱ्यांत आलों. खालीं आरशासारखीं दोन सरोवरें, वर मेंढ्या चरत असलेले हिरवे उतार, आणि त्यांच्या माथ्यावर वेल्समधील सर्वांत उंच, १०८५ मीटरचें शिखर. इंग्रज त्यास स्नोडन म्हणतात. परंतु तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळानें २०२२ सालीं ‘अर विदवा’ हें मूळ नांवच वापरण्याचें ठरविलें.

खोऱ्याच्या तळाशीं बेडगेलर्ट गांवांत एका इमानी कुत्र्याची समाधि आहे. पाळण्याजवळ रक्तानें माखलेला कुत्रा पाहून राजानें त्याला ठार केलें. मागाहून बाळ सुखरूप आणि लांडगा मेलेला आढळला. पंचतंत्रांतील मुंगसाचीच ही गोष्ट! समाधि मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस गांवच्या खाणावळवाल्यानें, प्रवासी यावेत म्हणून रचली, असें सांगतात.

सायंकाळीं कारनार्व्हन येथील किल्ल्याच्या सावलींत चहा घेत बसलों. हाहि एडवर्डचाच. भोंवतीं मुलें खेळत होतीं आणि तीं वेल्श बोलत होतीं. तेव्हां मुलीनें मला एक हकीकत सांगितली. एकोणिसाव्या शतकांत तेथील अनेक शाळांत, वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यांत लांकडाची एक पट्टी अडकवीत. दुसरा कोणी तसें बोलतांना सांपडला कीं ती त्याच्या गळ्यांत जाई, आणि दिवसअखेर ज्याच्याकडे ती राही त्याला छडी बसे. असा कायदा कोणीं केला नव्हता. पुष्कळदां शिक्षक स्वतः वेल्श असत आणि आईबापांचीहि संमति असे.

श्रोतेहो, माझ्या हातांतला चहा तसाच राहिला. मीहि इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यांत पुठ्ठा अडकवीत असें. मुलें हंसत, मीहि हंसत असें. वाडीवरून येणारा एक मुलगा त्यानंतर त्या तासाला बोलेनासाच झाला. इंग्रजींतहि नाहीं आणि मराठींतहि नाहीं. मी त्याच्या हितासाठींच झटतों आहें, असें मला तेव्हां वाटे.

२०२१ च्या शिरगणतीप्रमाणें वेल्समध्यें ५ लाख ३८ हजार लोक, म्हणजे शंभरांत अठराहि नव्हेत, वेल्श बोलतात. एवढ्यांसाठीं रस्त्यावर तो शब्द रंगवावा लागतो, आणि तोहि सहज मिळालेला नाहीं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील तरुणांनीं केवळ इंग्रजी असलेल्या पाट्यांना रंग फांसला व त्यापायीं तुरुंगवासहि पत्करला.

परततांना अंधार पडला होता. दिव्यांच्या प्रकाशांत पुनः ‘अराफ’ दिसला. सावकाश! हा शब्द मला चाळीस वर्षांपूर्वीं, वर्गांत शिरतांना, कोणीं दाखविला असता तर फार बरें झालें असतें. आपल्या घरीं जीं मुलें आज दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभीं आहेत, त्यांच्याशीं वागतांना तरी तो आपणांस आठवावा, इतकी विनंति करून आपली रजा घेतों.