जोडीदाराचे औषध

परम्यावर (गोनोरिया) गोळ्या घेतल्या, लघवीची जळजळ थांबली, पू यायचा बंद झाला; आणि महिन्याभरात तक्रार पुन्हा हजर. दर वेळी औषधच कुचकामी निघते असे नाही. बायकोला तोच संसर्ग असतो, तिच्यावर उपचार झालेले नसतात आणि नवऱ्याला तो तिच्याकडून परत मिळतो.

परमा आणि क्लॅमिडिया हे आजार बायकांमध्ये बहुधा मुकाट असतात. पांढरे थोडे जास्त जाऊ लागले तरी ते नेहमीचेच समजून अंगावर काढले जाते. तोवर जंतू बीजवाहिन्यांपर्यंत पोचतात. पुढे मूल न होणे किंवा गर्भ नळीतच राहणे ओढवते. म्हणून जोडीदाराला त्रास होण्याची वाट पाहायची नसते, आणि तपासणीच्या अहवालासाठी उपचारही अडवायचे नसतात. या दोन आजारांत उपचारासाठी मागच्या ६० दिवसांतले सगळे जोडीदार धरतात. गरमीत (सिफिलिस) ही मुदत ९० दिवसांची, कारण लागण नवी असताना रक्ताची तपासणी निर्दोष येऊ शकते. बुरशीच्या संसर्गात मात्र तक्रार नसलेल्या जोडीदाराला सहसा औषध लागत नाही.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकांत औषधांची किट रंगांवरून ओळखली जातात. परमा व क्लॅमिडियासाठीच्या राखाडी किटात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, एकाच वेळी घ्यायचे, जोडीदारालाही तेच. अमेरिकेत जोडीदाराला न तपासता त्याच्या गोळ्या रुग्णाबरोबर पाठवण्याची मुभा बहुतेक राज्यांत आहे. गरमीत ही सोय नाही. तिथे बेंझाथीन पेनिसिलीनचे २४ लाख युनिटांचे इंजेक्शन लागते, म्हणजे माणसाला स्वतः यावेच लागते.

गोळ्यांपेक्षा अवघड काम निरोपाचे. जोडीदाराला बोलावण्याच्या चिठ्ठीवर रोगाचे नाव नसते, तरी ती घरी दाखवायची कोणी? गरोदरपणाच्या तपासणीत गरमी आढळली की लागण नवऱ्याकडून आलेली असली तरी बोल बाईलाच लागतो, प्रसंगी मारही. अशा वेळी समुपदेशकाने आधी तिला विचारावे, आणि तिची हरकत नसेल तरच नवऱ्याला बोलवावे. रुग्णाचे नाव न सांगता जोडीदाराला कळवण्याची पद्धतही आहे. पण एकच जोडीदार असेल तर नाव लपत नाही.

दोघांनी एकाच सुमारास औषध घ्यावे, नंतर ७ दिवस संबंध टाळावा आणि एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. परमा व क्लॅमिडियासाठी ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात.