वीज गेली, हिशेब राहिला

एका खात्यातून ५०० रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधीच सर्व्हर बंद पडला. आता? डेटाबेस डिस्कवरच्या मूळ नोंदीला हात लावण्याआधी तो बदल 'लॉग' या नोंदवहीत लिहितो, जुनी आणि नवी रक्कम दोन्ही. १९९२ साली आयबीएमच्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी या लॉगच्या आधारे बिघाडातून सावरण्याची 'एरीज' ही पद्धत सविस्तर मांडली. यंत्र सुरू होताच लॉग तपासायचा, घडलेलं पुन्हा घडवायचं, मग अर्धवट व्यवहार उलटवायचे. खरी कमाल पुढेच आहे: उलटवल्याचीही नोंद लॉगमध्ये होते. त्यामुळे दुरुस्ती चालू असताना पुन्हा वीज गेली, तरी एकच बदल दोनदा उलटवला जात नाही. आणि लॉग डिस्कवर पोचल्याशिवाय 'व्यवहार पूर्ण' हा निरोप ग्राहकाला जात नाही.