आधी पेलेटचा हिशोब, मग रायफल

ज्यांना लोकलमध्ये ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. आजचा विषय आहे नेमबाजी, आणि तीही आपल्या पगारात बसणारी.

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ब्राँझ जिंकलं. दोन दिवसांत आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर प्रश्न सुरू, 'एअर रायफल कितीला येते रे?' पण त्याच बातम्यांमध्ये हेही होतं, की स्वप्नीलच्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढलं होतं. तो भाग कोणी वाचला नाही. बंदूक एकदा घेतो आपण, गोळ्या मात्र दर महिन्याला लागतात. हा छंद सुटतो तो तिथेच.

माझ्या एका मित्राने हप्त्यावर झकास रायफल घेतली. चार महिन्यांनी ती कपाटावर गेली. कारण हप्ता भरल्यावर पेलेटला पैसेच उरेनात.

म्हणून आधी आकडेमोड. आपण १० मीटर एअर इव्हेंटबद्दल बोलतोय, म्हणजे ४.५ मिलिमीटरचे शिशाचे पेलेट. मॅच ६० शॉट्सची असते. सरावाला त्यात २० धरा, झाले ८०. आठवड्यातून तीन दिवस म्हणजे २४०, महिन्याला साधारण हजार. पेलेटचा डबा बहुतेक वेळा ५०० चा येतो, म्हणजे दोन डबे. समजा एक पेलेट तीन रुपयांना पडला, तर महिना तीन हजार, वर्षाला ३६ हजार. दुकानात जाऊन आजचा भाव विचारा आणि या हिशोबात टाका. वर रेंजची फी, कोचची फी. हे सगळं दोन वर्षं झेपणार असेल, तरच पुढचं बोलू.

मग सुरुवात कशी करायची? क्लबच्या बंदुकीवर. पुण्यात बालेवाडीला, मुंबईत वरळीला रेंज आहेत, कोल्हापुरात तर नेमबाजीची परंपराच आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत तिथल्याच. तुमच्या जवळच्या क्लबमध्ये पहिला प्रश्न हाच विचारा, 'शिकणाऱ्यांना बंदूक वापरायला मिळते का?' मिळत असेल तर निदान सहा महिने स्वतःची घेऊ नका.

दुसरा प्रश्न, रायफल की पिस्तूल? रायफलवाल्याला जाड जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लोव्ह असा सगळा संसार लागतो. पिस्तूलवाल्याला जॅकेट लागत नाही. पैशाची खरंच ओढ असेल तर पिस्तुलाचा विचार करा. अर्थात एका हाताने दीड किलोपर्यंतचं वजन स्थिर धरायचं म्हणजे गंमत नाही.

सेकंडहँड घेताना दोन गोष्टी बघा. एक, हवेचा सिलिंडर. त्यात २०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि त्यावर तारीख कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर असेल तर कितीही स्वस्त असो, नवीन सिलिंडरची किंमत त्यात मिळवूनच सौदा करा. दोन, जॅकेट. ते दुसऱ्याच्या अंगाचं असतं आणि स्पर्धेत त्याची जाडी, कडकपणा मोजतात. कोचला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता सगळ्यात मोठी बचत, ड्राय फायरिंग. म्हणजे पेलेट न घालता नेम धरणं, श्वास, ट्रिगर, सगळं खऱ्यासारखं करणं. घरात १० मीटर कुठून आणणार? पाच मीटर असतील तर टार्गेट अर्ध्या मापाचं लावा. पिस्तुलाच्या टार्गेटचा काळा भाग सुमारे सहा सेंटिमीटरचा, म्हणून भिंतीवर तीन सेंटिमीटरचा काळा गोल. रोज वीस मिनिटं. ट्रिगर दाबताना साइट हलली की लगेच दिसतं, भोकाकडे बघायचा मोह नसतो. खर्च शून्य.

पण दोन अटी. पेलेट दुसऱ्या खोलीत, आणि बंदूक रिकामी आहे हे दर वेळी स्वतः तपासायचं. आणि स्प्रिंगवाल्या साध्या एअरगनवर हे करू नका, पिस्टन खराब होतो. मॅचच्या बऱ्याच बंदुकांना ड्राय फायरची वेगळी सोय असते.

काही जण अमेरिकन व्हिडिओ बघून विचारतात, 'घरी काडतुसं भरली तर स्वस्त पडेल ना?' तिकडे गॅरेजमध्ये रिकामी केस, प्रायमर, पावडर घेऊन लोक रीलोडिंग करतात. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. तो विषय तिथेच सोडा. एअरगनला ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूल ऊर्जेपर्यंत परवाना लागत नाही, पण अधिकृत दुकानातूनच, ओळखपत्र देऊन, पक्की पावती घेऊन खरेदी करा.

आणि हो, पेलेट शिशाचे असतात. रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुवा, मगच वडापाव.

तर या रविवारी दुकानात न जाता जवळच्या रेंजवर जा. एक तास नुसतं बघा, फी विचारा, पेलेटचा भाव विचारा. मग हिशोब मला पाठवा, पुढच्या भागात त्यातले दोन-तीन आपण सोडवू. भेटू!