दुर्ग, लेणे आणि पाणी



परप्रांतातील मराठी शाळेची सहल महाराष्ट्रात निघते, तेव्हा मुलांच्या मनात एक प्रश्न दबलेला असतो : आपण नेमके कुठले? नववीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न जुन्नरला सोबत नेला होता. रात्रभर प्रवास करून पोहोचलेल्या या मुलांनी एका स्थानिक मार्गदर्शकांबरोबर एकाच दिवसात शिवनेरी आणि लेण्याद्री पाहिले.

सकाळी सात दरवाजे ओलांडून मुले गडावर गेली. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय जेथे जन्मले, त्या वास्तूपुढे सारा गलबला आपोआप शांत झाला. मार्गदर्शकांनी त्यांना पुढे गंगा-जमुना टाक्यांपाशी नेले. तट शत्रूला अडवतो, परंतु गड नांदता राहतो तो पाण्यामुळे, हे त्यांनी तेथे समजावले. मग त्यांनी कड्यातील लेण्यांकडे बोट दाखविले. या डोंगरावर तटबंदी उभी राहण्याच्या कितीतरी शतके आधी बौद्ध भिक्षू पावसाळ्यात येथे मुक्काम करीत असत. सोपारा-कल्याणकडील माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. व्यापाऱ्यांचे तांडे, कारागीर आणि भिक्षू यांची गाठ याच वाटेवर पडे.

दुपारी तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून मुले लेण्याद्रीला पोहोचली. सातव्या लेण्यातील प्रशस्त दालनात एकाने खांब मोजायला घेतले, तर आत एकही खांब नव्हता! भोवतालच्या २० खोल्या भिक्षूंच्या निवासाच्या. आज तेथेच अष्टविनायकांतील गिरिजात्मज विराजमान आहे. एका श्रद्धेने कोरलेल्या छताखाली दुसरी श्रद्धा सुखाने नांदते आहे, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहिले.

उतरताना मार्गदर्शकांनी सहज एका मुलीला विचारले, “बाळ, गाव कोणतं तुझं?” ती घुटमळली. म्हणाली, “आजोबांचं सांगू, की आमचं?”

ते हसले आणि पायरीवरच बसले. जुन्नर परिसरातील ब्राह्मी शिलालेखांची माहिती त्यांनी मुलांना दिली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने येथे लेणे आणि पाण्याचे टाके दान केले. चित नावाच्या एका यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने दोन ‘पोढी’, म्हणजे पाण्याची दोन टाकी दिली. पश्चिमेकडून आलेल्या परक्यांना त्या काळी यवन म्हणत. या माणसांनी आपले यवनपण लेखात लपविले नाही. लेख मात्र त्यांनी कोरविला तो इथल्या प्राकृतात, आणि दान दिले ते इथल्या तहानभुकेसाठी. “इरिलचं गाव कोणतं म्हणशील?” या प्रश्नावर मुलगी क्षणभर विचारात पडली. “दोन्ही,” ती म्हणाली.

साठ वर्षांपूर्वी नोकरी-व्यवसायानिमित्त या शहरात आलेल्या काही मराठी कुटुंबांनी पदरमोड करून ही शाळा उभारली. त्यांनी आपली भाषा सोडली नाही आणि या शहरालाही परके मानले नाही. शेजारच्या अमराठी घरांतील मुलेही याच बाकांवर शिकली, मोठी झाली.

आज मात्र पहिलीचा वर्ग भरेल का, ही चिंता प्रत्येक जूनमध्ये शाळेच्या दाराशी येऊन उभी राहते. याच शाळेत शिकलेल्यांची नातवंडे आता अन्यत्र जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक घराची आपली निकड असते. तथापि, टाके एकदाच कोरले जाते, गाळ मात्र दरवर्षी काढावा लागतो. महिन्यातून एक तास वाचनालयात गोष्ट सांगणे, एखाद्या मुलाच्या बसभाड्याचा भार उचलणे, घरी नातवंडांशी मराठीत बोलणे, हे सारे गाळ काढण्याचेच काम आहे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेचे एवढेच मागणे आहे.