वही ठेवा

मुख्याध्यापिका बाई, नगर परिषदेची मंडळी, शिक्षक, पालक, आणि माझं भाषण संपून नाच कधी सुरू होतात याची वाट बघत सतरंजीवर बसलेल्या मुलामुलींनो, नमस्कार.

बाईंनी मला फोनवर विषय दिला होता, 'गृहविज्ञानातील संधी'. शिवाय बजावलं, की मराठीत बोला, हिंदी काय इथे रोजच चालते. मी चार कागद लिहून आणलेत. पण मघाशी फाटकातून आत शिरले, शाळेचे दिवस आठवले आणि कागद पर्समध्येच राहिले.

आम्ही इथे शिकत होतो तेव्हा शाळेवर कौलं होती. आग्रा-मुंबई रस्ता जवळच, आणि पुढे घाट असल्यामुळे ट्रकवाले इथे चहाला थांबत. हॉर्न वाजला की गुरुजी वाक्य अर्धं सोडून गप्प उभे राहत, आणि ट्रक गेला की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. गृहविज्ञानाची खोली तिकडे होती, आता जिथे सायकल स्टँड केलंत तिथे. एक स्टोव्ह, एक शिलाई मशीन, आणि रसायनशास्त्राच्या सरांकडून मिनतवारीने आणलेला तराजू, एवढंच सामान. आमच्या गृहविज्ञानाच्या बाई इंदूरहून बसने यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी एक पोळी किती ग्रॅमची होते?" सगळ्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने घरून एक पोळी आणायची आणि तोलायची. माझी आजी म्हणाली, "पोळी तोलायला ती काय सोनं आहे?"

आजी गेली. तोलायची सवय मात्र मला जन्माची लागली. पुढे इंदूरला याच विषयात पदवी घेतली, मग इस्पितळात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. मधुमेहाचे रोगी समोर बसायचे. "काका, तेल किती खाता?" "फार नाही हो बाई." "म्हणजे किती?" "असंच, अंदाजाने." अंदाजपंचे दाहोदरसे! सगळी दुखणी त्या अंदाजातच दडलेली असायची.

म्हणून मुलांनो, माझं एकच सांगणं आहे. वही ठेवा. शंभर पानी, साधी. काय खाल्लं, किती खर्च झाला, किती वाजता झोपलो, हे रात्री तीन ओळींत लिहा. मोबाइलमध्ये नको, वहीत. मोबाइल उघडलात की तुम्ही दुसरीकडेच जाता, हे मला माझ्या नातवावरून कळतं. तिसऱ्या रांगेतली ती चष्मेवाली हसते आहे. हस बाई, पण पुढच्या वर्षी होस्टेलला गेलीस आणि वीस तारखेलाच पैसे संपले, की आठवण येईल.

आता थोडं माझ्या क्षेत्राविषयी, नाहीतर बाई रागावतील. पुष्कळांना वाटतं, गृहविज्ञान म्हणजे लोणचं आणि भरतकाम. हा विषय उभा केला तो एका रसायनशास्त्रज्ञ बाईने. एलेन रिचर्ड्स. अमेरिकेतल्या एमआयटीतून १८७३ मध्ये पदवी घेणारी ती पहिली स्त्री. तिने पिण्याचं पाणी तपासलं, बाजारातल्या खाण्याच्या जिनसांतली भेसळ तपासली, आणि प्रयोगशाळेतलं मोजमाप स्वयंपाकघरात आणलं. १९०९ मध्ये तिथे या विषयाची संघटना निघाली, तिची पहिली अध्यक्षही हीच. आपल्याकडे अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, त्यात घरसंसाराचं शास्त्र पदवीच्या अभ्यासात घेतलं. लोकांनी नाकं मुरडली. १९५० मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात याची स्वतंत्र विद्याशाखा झाली, तेव्हा कुलगुरू होत्या हंसा मेहता. लगेच पुढच्या वर्षी भारतीय गृहविज्ञान संघटना स्थापन झाली.

संघटना कशाला हवी? डॉक्टरांच्या असतात, वकिलांच्या असतात, मग आमची का नको? आज कोणीही चार पुड्या विकायला ठेवतो आणि 'डायटिशियन' अशी पाटी लावतो. त्यांच्यातून शिकलेला माणूस ओळखायचा कसा? १९६३ पासून आहारतज्ज्ञांची वेगळी संघटना आहे, ती परीक्षा घेऊन नोंदणी करते. २०२१ मध्ये केंद्राने आरोग्याशी जोडलेल्या व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात पोषणतज्ज्ञही आले. इतकी वर्षं लागली! तेव्हा मुलींनो, पदवी मिळाली की आधी सभासद व्हा. नुसत्या दुपारच्या जेवणाला जाऊ नका, सभेत बोला. बाकी शाखा आहेत, बालविकास, वस्त्र, गृहव्यवस्थापन, विस्तारकार्य. त्यांची माहिती पर्समधल्या त्या चार कागदांत आहे, ते मी बाईंकडे देऊन जाते.

मागच्या दाराशी शाळेतलं दुपारचं जेवण रांधणाऱ्या ताई उभ्या दिसताहेत. पुढे या ना, खुर्च्या आहेत. मुलांनो, प्राथमिक वर्गातल्या मुलाला त्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, सहावीपासून ७०० आणि २०. हा आकडा कुणीतरी बसून, मोजून ठरवलेला आहे. ताई रोज तो शिजवतात. माझ्या व्यवसायाचं सर्वांत मोठं काम या शाळेत त्याच करतात, आणि सत्काराच्या यादीत त्यांचं नाव नाही, हे मी वाचलंय.

आणि पहिल्या रांगेतले शेतकरी बंधू, तुमच्याशीही बोलायचं आहे. तुमच्यात माझा एक वर्गमित्र आहे, तो ओळख न देता बसलाय. तुम्ही सोयाबीन पिकवता. दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून आपल्या इंदूरला आहे. पण तेल निघतं, पेंड बाहेर जाते, आणि तुमच्या नातवाच्या ताटात काय? बटाट्याची भाजी आणि सेव. कच्चं सोयाबीन खायचं नाही, त्यातले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत. ते उकळून, वाळवून दळायचं आणि नऊ किलो गव्हाला एक किलो घालायचं. पोळीची चव बिघडत नाही, मी करून बघितलंय. किती घातलं, ते वहीत लिहा!

बाई घड्याळ बघताहेत. मुलं पडद्यामागे घुंगरू बांधून तयार आहेत, तेव्हा एवढंच मागते आणि बसते. आमच्या वेळी गृहविज्ञानाच्या तासाला मुलग्यांना मैदानावर पाठवत, आणि आजही पाठवतात असं मघाशी कळलं. बाई, पुढच्या सत्रापासून मुलग्यांनाही त्या तासाला बसवा. तराजू मी पाठवते.