संशोधकाचें वेतन आणि वऱ्हाडांतील पोथ्या

पेशव्यांच्या रमण्याची दक्षिणा आपणांस ऐकून ठाऊक आहे. श्रावणांत पर्वतीच्या पायथ्याशीं ती ब्राह्मणांस वांटली जाई. १८१८ सालीं पेशवाई गेली. पुढें इंग्रजी अमलांत त्या निधीचा कांहीं भाग १८२१ मध्यें निघालेल्या पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे व कालांतरानें महाविद्यालयांतील ‘दक्षिणा फेलो’ नेमण्याकडे वळला. रानडे व भांडारकर हे तरुणपणीं असेच फेलो होते. एका जातीच्या दानाचें असें विद्यावेतन व्हावें, हें मला त्या निधीचें मोठें सार्थक वाटतें.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे वळूं. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें परमस्थान. मराठी गद्याचा आरंभ ज्या लीळाचरित्रानें झाला, त्याचा या गांवाशीं निकट संबंध. या पंथाच्या कित्येक पोथ्या सकळ लिपींत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत, शतकानुशतकें बंद होत्या. तिची किल्ली राजवाड्यांनीं शोधली, यवतमाळचे य. खु. देशपांडे व अमरावतीस अध्यापन केलेले डॉ. वि. भि. कोलते यांनीं या वाङ्मयासाठीं आयुष्य वेंचलें. कोलत्यांचें संपादित लीळाचरित्र १९७८ सालीं निघालें.

आज विद्यापीठ अनुदान आयोगाचें कनिष्ठ संशोधन वेतन २०२३ पासून मासिक ३७,००० रुपये आहे. रक्कम बरी, पण सर्वसाधारण उमेदवारास वयाची अट तिशीची! अकोल्याच्या शाळेंत पंधरा वर्षें शिकवून मग मोडी वा सकळ लिपीचा नाद लागलेल्या शिक्षकानें काय करावें? पोथी वाचावयाची तर मठाच्या ओसरीवर बसावें लागतें, महंतांचा विश्वास संपादावा लागतो. तो कांहीं एका दिवसांत मिळत नाहीं.

अमेरिकेंत वूस्टर या गांवीं मुद्रक आयझाया थॉमस यांनीं १८१२ मध्यें अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी स्थापिली व आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. त्या देशाच्या आरंभकाळचे ग्रंथ व वृत्तपत्रें वाचण्यासाठीं ती संस्था अभ्यासकांस कांहीं आठवडे वा महिने तेथें राहण्यापुरतें वेतन देते. कागद जेथें, तेथें अभ्यासकाचा मुक्काम, योजना एवढीच.

रिद्धपूरला आतां मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें आहे. त्यानें दरवर्षीं निदान चार अभ्यासकांस, वयाची अट न घालतां, तीन-तीन महिन्यांचें वेतन, राहण्यास खोली व जेवणाची सोय द्यावी. शिक्षकास तेवढी पगारी रजा शिक्षण खात्यानें द्यावी. आणि अभ्यासकानें उतरून घेतलेल्या प्रत्येक पोथीची एक प्रत तेथेंच, मठाच्या संमतीनें, ठेवून जावी.